कुवोही

अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाचे सर्वोच्च शिखर. उंची २,०२५ मी. टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांची सीमा त्याच्या माथ्यावरून जाते. टेनेसीत याहून उंच जागा नाही. दीडशेहून अधिक वर्षे नकाशांत ते ‘क्लिंगमन्स डोम’ होते; सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या भौगोलिक नाम मंडळाने चेरोकी या तिथल्या आदिवासी लोकांचे मूळ नाव अधिकृत केले.

कुवोही म्हणजे तुतीची जागा. चेरोकी कथांनुसार या डोंगराखाली अस्वलांचे सभागृह असून त्यांचा प्रमुख, पांढरे अस्वल, तिथे राहतो. थंडीची दीर्घ झोप घेण्याआधी अस्वले इथे जमून नाचतात. याच कथांत जवळच एक तळे आहे, त्यात उतरलेल्या जखमी जनावराची जखम भरते. शिकाऱ्याला मात्र ते दिसत नाही. १८३८ मध्ये सैन्याने चेरोकींना हुसकून पश्चिमेला नेले, तेव्हा काही जण याच डोंगररांगांत लपून राहिले. त्यांच्या वंशजांची ‘ईस्टर्न बँड’ ही जमात आजही उद्यानाला लागूनच राहते.

जुन्या अधिकृत नावामागची हकिकत पाहिली, तर ते किती उपरे होते ते कळते. टॉमस क्लिंगमन हे नॉर्थ कॅरोलायनाचे राजकारणी, पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या सैन्यातील ब्रिगेडियर जनरल. परिसरातले सर्वांत उंच शिखर कोणते आणि ते आधी कोणी मोजले, यावरून त्यांचा प्राध्यापक एलायशा मिचेल यांच्याशी वाद पेटला. आपले म्हणणे सिद्ध करायला पुन्हा डोंगरात गेलेले मिचेल १८५७ मध्ये कड्यावरून पडून मरण पावले. वादातले शिखर वेगळे होते; त्याला मिचेल यांचे नाव मिळाले. १८५९ मध्ये भूगोलज्ञ आर्नल्ड गयो यांनी स्मोकी रांगेतल्या या शिखराला क्लिंगमन यांचे नाव दिले. या साऱ्यात चेरोकींना कोणी विचारले नाही.

नाव परत मिळवण्याची चळवळ २०२२ मध्ये ईस्टर्न बँडच्या सदस्यांनी सुरू केली. जमातीच्या परिषदेने ठराव केला, राष्ट्रीय उद्यान सेवेनेही पाठिंबा दिला.

माथ्यावर १९५९ मध्ये बांधलेला काँक्रीटचा निरीक्षण मनोरा आहे. हिवाळ्यात रस्ता बंद असतो. भोवतालचे फ्रेझर फर या सूचिपर्णी वृक्षांचे वन युरोपातून आलेल्या एका किडीने उद्ध्वस्त केले असून वाळलेली खोडे अजून उभी दिसतात. वर्षातून काही वेळा शिखर अर्धा दिवस इतरांसाठी बंद ठेवतात आणि चेरोकी शाळांतील मुले तिथे आपली भाषा व इतिहास शिकायला येतात.