सोळा कोअर, पण राबतो एकच

थ्रीडी दृश्याचा रेंडर (त्यातून चित्र तयार करण्याचं काम) लावला की टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे त्यातले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग, १०० टक्क्यांना भिडतात. त्याच मशीनवर कापडाचं किंवा पडणाऱ्या विटांचं सिम्युलेशन (हालचालीचं गणित) बेक करायला, म्हणजे आधीच सोडवून साठवायला घेतलं, की अनेकदा एकच कोअर राबताना दिसतो. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. तो काही वेळा योग्यही असतो, पण मुळातली अडचण बरीच जुनी आहे.

रेंडरमध्ये एका पिक्सेलचा हिशोब शेजारच्या पिक्सेलवाचून अडत नाही. सिम्युलेशनमध्ये मात्र काळ आडवा येतो. २५वी फ्रेम पूर्ण झाल्याशिवाय २६वी सुरूच करता येत नाही, त्यामुळे फ्रेम कोअरांमध्ये वाटून देण्याचा मार्ग बंद. वाटणी करायची ती काळाच्या एका पायरीच्या पोटात.

डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ मध्ये कापडासाठी, तर योस स्टॅम यांनी १९९९ मध्ये द्रवांसाठी काळाच्या मोठ्या पायऱ्या घेतल्या तरी न कोसळणाऱ्या पद्धती मांडल्या. तेव्हा घरगुती संगणकात कोअर एकच असे आणि क्लॉक स्पीड (प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग) दरवर्षी वाढत असे. जुनाच प्रोग्रॅम नव्या मशीनवर आपोआप पळायचा. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि उष्णतेपुढे ही शर्यत थांबली. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनीही दोन कोअरचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले. आता वेग हवा तर प्रोग्रॅमच नव्याने लिहिणं भाग होतं.

तरी किती फायदा होणार, याची मर्यादा जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिली होती. कामाचा ९० टक्के भाग वाटता येत असेल, तर १६ कोअरवर वेग ६.४ पट होतो. ६४ कोअर घातले तरी ८.८ पटीच्या आसपासच. उरलेला १० टक्के भाग सगळ्यांना ताटकळत ठेवतो.

तो भाग नेमका कुठे दडतो, हे विटांवरून छान कळतं. लांब लांब पडलेले वीस ढीग असतील, तर प्रत्येक ढीग वेगळ्या कोअरला देता येतो. पण सगळ्या विटांची एकच भिंत असेल, तर प्रत्येक विटेचा धक्का पुढच्या विटेला लागतो. गाउस-सायडेल पद्धतीत एका स्पर्शबिंदूचं ताजं उत्तर लगेच पुढच्यात वापरतात, म्हणजे रांग आलीच. याकोबी पद्धत सगळे बिंदू एकदम सोडवते, पण उत्तराशी पोचायला जास्त फेऱ्या घेते. एकमेकांना न भिडणाऱ्या बिंदूंचे गट पाडून ते समांतर सोडवणं, ही मला त्यातली सर्वांत सुंदर तडजोड वाटते.

द्रवांमध्ये मेमरीही आड येते. द्रवाची जागा छोट्या घरांत विभागून हिशोब करतात; ५१२ × ५१२ × ५१२ च्या अशा ग्रिडमध्ये १३ कोटी ४२ लाख घरं असतात. प्रत्येक घरातल्या प्रवाहाच्या नुसत्या वेगाचे तीन घटक साठवायला सुमारे दीड जीबी लागतात. कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत, ते मावत नाहीत, मग कोअर रॅमची वाट पाहतात. विशेष म्हणजे टास्क मॅनेजर हे थांबणंही ‘वापर’ म्हणूनच दाखवतो.

२००६ मध्ये एजिया या कंपनीने फक्त भौतिकी सोडवणारं वेगळं कार्ड बाजारात आणलं. २००८ मध्ये एनव्हिडियाने ती कंपनी घेतली आणि ते काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं. तिथे हजारो थ्रेड (एकदम चालणाऱ्या कामाच्या धारा) मिळतात, पण मेमरी तुटपुंजी पडते, म्हणून मोठी दृश्यं आजही अनेकदा प्रोसेसरवरच बेक होतात. रिकामे कोअर वापरायची एक साधी रीतही आहे: रॅम पुरत असेल तर वेगवेगळ्या सेटिंगच्या चार आवृत्त्या एकदम लावायच्या आणि सकाळी त्यांतली चांगली निवडायची.