सर्व्हरला एन्व्हायर्नमेंट नेमून देणे (पपेट)

पपेट या कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे मशीन कशी हवी ते कोडमध्ये लिहून तशी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठला सर्व्हर कोडच्या कुठल्या प्रतीवर चालणार हे ठरवण्याची ही पद्धत. पपेट ल्यूक कनीसने २००५ मध्ये आणलं. त्यात प्रत्येक मशीनवर एक एजंट म्हणजे छोटा प्रोग्रॅम असतो, तो बाय डीफॉल्ट दर ३० मिनिटांनी पपेट सर्व्हरकडे जातो, स्वतःची माहिती म्हणजे फॅक्ट्स देतो आणि बदल्यात कॅटलॉग घेऊन येतो, म्हणजे या मशीनवर कुठली पॅकेजेस हवीत, कुठल्या फाइल्स, कुठल्या सर्व्हिस वगैरे. हा कॅटलॉग ज्या कोडमधून बनतो ती एन्व्हायर्नमेंट. पपेट ४ पासून ती एक साधी डिरेक्टरी असते, आत मॅनिफेस्ट्स म्हणजे पपेटच्या कोडच्या फाइल्स, मॉड्यूल्स म्हणजे पुन्हा वापरता येणारे कोडचे गठ्ठे आणि वाटल्यास हायराचा, म्हणजे सेटिंग्ज कोडपासून वेगळ्या ठेवायच्या सोयीचा, डेटा.

काहीच सांगितलं नाही तर एजंट थेट प्रॉडक्शन या एन्व्हायर्नमेंटमध्ये जातो. नाव ऐकून घाबरायला होतं पण डीफॉल्ट तेच आहे, म्हणजे कुणी सहज उभी केलेली टेस्टची व्हर्च्युअल मशीनसुद्धा पहिल्या रनला, म्हणजे एजंटच्या पहिल्या फेरीला, प्रॉडक्शनचाच कोड ओढते.

दुसरीकडे न्यायचं तर सोपा मार्ग म्हणजे त्या मशीनच्या पपेट.कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एजंटच्या सेक्शनखाली एन्व्हायर्नमेंटचं नाव लिहायचं, किंवा एका रनपुरतं कमांडवरच द्यायचं. नवीन कोड तपासायला हे दुसरं फार कामाचं, सोबत नूप हा पर्याय लावला की मशीनला हात न लावता काय काय बदललं असतं ते दिसतं. पण पपेट.कॉन्फवाला मार्ग दोनचार मशीनपुरताच ठीक आहे, शेकडो मशीन झाल्या की कोण कुठे आहे ते शोधायला प्रत्येक बॉक्सवर जावं लागतं, आणि ज्याच्याकडे त्या बॉक्सचा रूट म्हणजे पूर्ण ताबा आहे तो मनाला येईल ती एन्व्हायर्नमेंट मागू शकतो.

म्हणून निर्णय सर्व्हरच्या बाजूला ठेवलेला बरा. त्यासाठी ईएनसी, म्हणजे एक्स्टर्नल नोड क्लासिफायर असतो, आणि तो बहुतेक वेळा एखादी छोटी स्क्रिप्टच असते. पपेट सर्व्हर तिला नोडचं, म्हणजे मशीनचं, तिची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटवरचं नाव देतो, ती यामल या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये क्लासेस (लावायचे कोडचे तुकडे), पॅरामीटर्स आणि हवी तर एन्व्हायर्नमेंट परत देते. तिने एन्व्हायर्नमेंट दिली की एजंटने काय मागितलं होतं त्याला किंमत नाही, लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते की लोकल एन्व्हायर्नमेंट जुळत नाही, बदलतोय, आणि एजंट मुकाट्याने तिकडे जातो. हा नियम २०१२ च्या पपेट ३ पासूनचा. त्याआधी २.६ आणि २.७ मध्ये कॅटलॉग बनायचा ईएनसीच्या एन्व्हायर्नमेंटमधून आणि फाइल्स यायच्या एजंटने सांगितलेल्या एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे टेम्प्लेट नवं आणि फाइल जुनी, असले प्रकार शोधताना डोक्याला ताप.

स्क्रिप्टने निर्णय कशावरून घ्यायचा हा पुढचा प्रश्न. फॅक्ट्सवर भरवसा ठेवू नये कारण ते एजंट स्वतःबद्दल सांगतो. त्यापेक्षा सर्टिफिकेट मागतानाच सीएसआर (सर्टिफिकेटची विनंती) अ‍ॅट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये पीपी_एन्व्हायर्नमेंट हे एक्स्टेंशन (जादा माहितीचा रकाना) टाकायचं, ते सर्टिफिकेटवर सही होऊन कायमचं बसतं आणि नंतर बदलायचं तर सर्टिफिकेटच नवीन काढावं लागतं. पपेट एंटरप्रायझ या विकतच्या आवृत्तीत स्क्रिप्टऐवजी वेब कन्सोलवर एन्व्हायर्नमेंट ग्रुप करून हेच काम होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र वेगळ्याच ठिकाणी होतो. लोक डेव्ह (डेव्हलपमेंट), क्यूए (तपासणी), प्रॉड (प्रॉडक्शन) अशा तीन एन्व्हायर्नमेंट करतात आणि डेटाबेसचे पत्ते, पासवर्ड, मेमरीचे आकडे सगळं त्या त्या डिरेक्टरीत भरून ठेवतात. मग प्रॉडच्या एकाच मशीनवर नवीन कोड तपासायची वेळ आली की त्याला डेव्हमध्ये न्यावं लागतं, आणि तिथे गेला की तो डेव्हच्या डेटाबेसला जाऊन भिडतो. कोडची कुठली आवृत्ती आणि मशीन कुठल्या कामाची हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पहिल्याचं उत्तर एन्व्हायर्नमेंट देते, दुसऱ्याचं हायरा, त्यात लेव्हल, म्हणजे डेटा शोधायची पायरी, म्हणून तेच सर्टिफिकेटवरचं एक्स्टेंशन वापरता येतं. आरटेनके हे टूल गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमधल्या प्रत्येक ब्रँचची, म्हणजे कोडच्या समांतर प्रतीची, एक एन्व्हायर्नमेंट बनवतं, त्यामुळे ब्रँच काढली, एका मशीनवर रन मारून बघितलं, मर्ज केलं आणि ब्रँच उडवली असं काम चालतं. एक बारीक गंमत म्हणजे एन्व्हायर्नमेंटच्या नावात हायफन चालत नाही, आरटेनके बाय डीफॉल्ट त्याचा अंडरस्कोर करून टाकतं, आणि ब्रँचचं नाव जसंच्या तसं कमांडमध्ये टाइप करणारा एन्व्हायर्नमेंट सापडत नाही म्हणून बसतो.

अशाच कामाच्या बाकीच्या सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी. शेफमध्ये नोड एका वेळी एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये असतो आणि तिथे कुकबुकचं, म्हणजे तिथल्या कोडच्या गठ्ठ्याचं, व्हर्जन बांधून टाकता येतं. सॉल्टमध्ये डीफॉल्टचं नाव बेस, आणि कुणाला काय मिळणार ते ठरवणाऱ्या टॉप फाइलमध्ये तसं लिहिलं तर एकाच मिनियनला (तिथल्या एजंटला) दोन एन्व्हायर्नमेंटमधल्या स्टेट्स, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या सूचना, मिळू शकतात. अ‍ॅन्सिबलमध्ये या अर्थाची सोयच नाही, लोक प्रत्येकाची इन्व्हेंटरी, म्हणजे मशीनची यादी, वेगळी ठेवतात आणि कमांड मारताना नीट बघून मारतात.