लांबच्या वाटेने लवकर

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. आधी ते अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. मग ते पूर्वेला तोंड करून पॅसिफिकवरून निघालं, १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटरचा वळसा, तरी साडेचौदा तासांत मुक्कामी. म्हणजे जवळजवळ दोन तासांची बचत. बे एरियातल्या लेकीकडे निघालेल्या आजी-आजोबांच्या गुडघ्यांना हे दोन तास विचारा! भागाकार केला तर सरासरी येते ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. बोइंग ७७७ स्वतःच्या जोरावर नऊशेच्या आसपास उडतं. वरचे दीडशे आले कुठून?

‘पृथ्वी फिरते ना, म्हणून’ हे ठरलेलं उत्तर. पण पृथ्वी पूर्वेकडेच फिरते. विमानाखालून जमीन सरकत असती, तर पूर्वेचा प्रवास उलट लांबला असता. धावत्या लोकलमध्ये वर उडवलेला चेंडू हातातच परत येतो, तसंच हवा आणि विमान दोघंही पृथ्वीबरोबर फिरत असतात.

खरा मदतनीस आहे जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावर पूर्वेकडे धावणारा वेगवान वारा. उष्ण कटिबंधातली हवा तापून फुगते, ध्रुवाकडची थंड हवा आकसून बसते. त्यामुळे दहा-बारा किलोमीटर उंचीवर मोजलं, तर दक्षिणेकडे हवेचा दाब जास्त आणि उत्तरेकडे कमी. हवा उत्तरेकडे ढकलली जाते. पण फिरत्या पृथ्वीवर चालती हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते (कोरिऑलिस परिणाम), म्हणजे इथे पूर्वेकडे. वेग वाढेल तसं हे वळणही वाढतं, आणि शेवटी उत्तरेकडे ढकलणारा दाब व दक्षिणेकडे ओढणारा कोरिऑलिस यांची बरोबरी होते. मग वारा उत्तरेला जातच नाही, सरळ पूर्वेला वाहतो. तापमानातल्या फरकाचा परिणाम थरागणिक साठत जातो, म्हणून वर जावं तसा वेग वाढतो. तो कळसाला पोहोचतो नेमका जिथे प्रवासी विमानं उडतात तिथे. हिवाळ्यात दोन्हींकडच्या तापमानातला फरक वाढतो, तेव्हा जपानवर हा वारा ताशी ३०० किलोमीटरही ओलांडतो.

तो प्रथम मोजला जपानच्याच वासाबुरो ओइशी यांनी, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून. जगाला कळावं म्हणून १९२६ मध्ये त्यांनी अहवाल लिहिला तो एस्पेरांतोत, म्हणजे साऱ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या, पण फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत. साहजिकच, जगाने तो वाचला नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० किलोमीटरच्या वर होता. लगेच ‘ध्वनीपेक्षा वेगवान’ असे मथळे! हे शुद्ध अतिरंजन. ध्वनीचा वेग ओलांडायचा तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत, आणि इथे हवाच विमानाला घेऊन पळत होती. पश्चिमेला जाणाऱ्या वैमानिकाला तीच हवा तोंडावर येते, म्हणून तो तिला चुकवून जास्त उत्तरेकडून जातो आणि तरीही तास-दीड तास उशिरा उतरतो.