विज्ञान व कोडिंगची सचित्र बालपुस्तके

विज्ञानातील संकल्पना किंवा संगणकाला सूचना देण्याची रीत मुलांना चित्रांच्या आधारे समजावून देणारी पुस्तके या प्रकारात मोडतात. गोष्टीच्या पुस्तकातील चित्र प्रसंग रंगवते. येथे मात्र चित्र आशयाचा एक भाग स्वतः उचलते आणि ते झाकले तर उरलेला मजकूर अपुरा पडतो. पानोपानी रंगीत चित्रे आहेत, पण ती काढून टाकली तरी समजण्यात काहीच फरक पडत नाही, अशा पुस्तकाला या वर्गात धरता येत नाही. प्रस्तुत नोंदीत या पुस्तकांचा विचार सोलापूर शहर व जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

या परंपरेचा आरंभ सामान्यतः योहान आमोस कोमेनियस यांच्या 1658 साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या लॅटिन–जर्मन चित्रपुस्तकापासून मानतात. त्यात चित्रातील प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन तोच क्रमांक मजकुरातील शब्दाला जोडला होता. आजच्या पाठ्यपुस्तकांतील नावे दिलेल्या आकृतीचे मूळ येथे दिसते. महाराष्ट्रात 1967 मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके व 1971 पासून निघणारे ‘किशोर’ मासिक यांनी हे वाचन घराघरांत नेले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने पुस्तकातून उत्तर देण्याऐवजी प्रयोग करायला लावण्याची रीत रुजवली. त्याच वातावरणात घडलेले अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीतील काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची कृती साध्या रेखाचित्रांतून मांडली, आणि पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील बालविज्ञान केंद्रातून ते काम वाढवले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके मोफत मिळतात. कोणत्याही गावच्या शाळेला परवडेल असे विज्ञानसाहित्य कसे असावे, याचे याहून चांगले उदाहरण मराठी वाचकाला शोधावे लागणार नाही.

चित्राची कामे वेगवेगळी असतात. छेदचित्र फळाचे, हृदयाचे किंवा पंपाचे आत दडलेले भाग दाखवते. क्रमचित्र एका कृतीच्या पायऱ्या ओळीने मांडते. तुलनाचित्र दोन अवस्था शेजारी ठेवते. यांपैकी प्रत्येकाला काहीतरी सोडावे लागते. सूर्यमालेच्या चित्रात ग्रहांची अंतरे व आकार एकाच प्रमाणात पानावर मावत नाहीत, म्हणून चित्रकार दोन्ही बदलतो. हे चित्राखाली लिहिले नाही, तर मूल तेच अंतर खरे मानून मोठे होते. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात, हा व्यापक गैरसमजही ग्रहणाची आणि कलांची चित्रे एकाच पानावर एकसारखी काढल्याने बळावतो. असे एक चुकीचे चित्र पुसून काढायला पुढे कितीतरी बरोबर वाक्ये लागतात.

दूरदेशी काढलेले चित्र इथे जसेच्या तसे चालत नाही, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा सावलीच्या प्रयोगात मिळतो. युरोपीय पुस्तकांत जमिनीत रोवलेल्या काठीची भर दुपारची सावली वर्षभर उत्तरेकडे पडलेली दाखवतात आणि तिथे ते बरोबरच आहे. सोलापूर सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी सूर्य नेमका डोक्यावर येतो. शाळेच्या पटांगणात सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली त्या दिवशी आखडत आखडत काठीच्या बुंध्यात शिरते आणि क्षणभर नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. ऑगस्टमध्ये असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग आड येतात. ही मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, ती साडेबाराच्या आसपास होते, कारण भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेस आहे. एका काठीच्या चित्रातून अक्षांश, रेखांश आणि ऋतू असे तिन्ही विषय शिकवता येतात. फक्त ते चित्र सोलापूरचे हवे.

हीच गोष्ट निसर्गाच्या पानांना लागू पडते. अन्नसाखळी दाखवायला नान्नजच्या माळरानावरील गवत, नाकतोडा, काळवीट, लांडगा व आता दुर्मीळ झालेला माळढोक हे पुरेसे आहेत. बीज रुजण्याच्या क्रमचित्रासाठी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मुलांच्या ओळखीची आहे. पक्ष्यांच्या स्थलांतरासाठी हिवाळ्यात उजनी धरणाच्या जलाशयावर उतरणारे रोहित पक्षी आहेत. जलचक्राच्या चित्रात बर्फाच्छादित शिखरे काढण्याऐवजी विहीर, बोअर आणि भीमेचे पात्र काढले, तर अवर्षणप्रवण जिल्ह्यातील मुलाला पाणी जमिनीत कुठे जाते हा प्रश्न स्वतःचा वाटतो.

कोडिंगच्या पुस्तकांचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. मुलांसाठी आखलेली लोगो ही संगणकभाषा 1967 मध्ये सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन व वॅली फॉयरझाइग यांनी तयार केली. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने 2007 मध्ये स्क्रॅच ही संगणकभाषा सर्वांसाठी खुली केली आणि सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम रचण्याची पद्धत रूढ झाली. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमाने संगणक न वापरता, पत्ते, दोरी व खडूच्या साहाय्याने संगणकशास्त्र शिकवता येते हे दाखवले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यात कोडिंगचा उल्लेख केल्यावर या पुस्तकांची मागणी वाढणे स्वाभाविक होते. मात्र संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे छापून ‘इथे क्लिक करा’ असे सांगणारी पुस्तके सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येताच निरुपयोगी होतात. पायऱ्यांचा क्रम, अट, पुनरावृत्ती आणि चूक शोधणे या चार गोष्टी चित्रांतून शिकवणारे पुस्तक कितीतरी अधिक टिकते.

सोलापुरात या चार गोष्टींचे चित्र मागावर तयार आहे. येथील चादरीला 2005 पासून भौगोलिक मानांकनाचे (जीआय) संरक्षण असून तिच्यावरील नक्षी जेकार्ड पद्धतीने विणली जाते. जोसेफ मारी जेकार्ड यांनी 1804 च्या सुमारास लियोंमध्ये सिद्ध केलेल्या या यंत्रणेत जाड कागदाची भोके पाडलेली कार्डे असतात. प्रथम नक्षी चौकटीच्या कागदावर रंगवतात. मग त्या कागदाची एकेक ओळ वाचून एकेक कार्ड पंच करतात. मागावर कार्ड आले की जिथे भोक आहे तिथे सुई आत शिरते आणि तिचा हूक ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलतो. जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा जातो आणि पुढचे कार्ड येते. भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य. आठ चौकटींची एक ओळ घेतली, तर तिचे 256 वेगवेगळे प्रकार होतात, आणि पाचवीतले मूल पेन्सिलने चौकटी भरून ते पडताळू लागू शकते.

कार्डे दोरीने ओवून त्यांची माळ टोकाला टोक जोडून बंद करतात, म्हणून शेवटच्या कार्डानंतर पहिले कार्ड पुन्हा येते आणि नक्षी चादरभर उमटत राहते. कोडिंगमध्ये यालाच लूप म्हणतात. एका कार्डावर एक भोक चुकीच्या जागी पडले, तर तोच दोष प्रत्येक आवर्तनात त्याच ठिकाणी दिसतो. सुटलेला धागा एकदाच दिसतो. दोष पुन्हा पुन्हा येतो की एकदाच, यावरून तो कार्डातला आहे की धाग्यातला हे ओळखता येते, आणि डीबगिंगचा, म्हणजे प्रोग्रॅममधील चूक शोधून दुरुस्त करण्याचा पहिला धडा नेमका हाच असतो. हे साम्य वरवरचे नाही: चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या विश्लेषक यंत्रासाठी, म्हणजे आजच्या संगणकाच्या पूर्वज मानल्या जाणाऱ्या गणनयंत्रासाठी, जेकार्डचीच कार्डे योजली होती, आणि जेकार्डचा माग जशी फुले-पाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणते, अशा अर्थाचे विधान एडा लव्हलेस यांनी 1843 मध्ये केले. आता बऱ्याच मागांवर इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले असले, तरी शहराच्या पूर्व भागातील मुलांना ही कार्डे घरच्या किंवा शेजारच्या कारखान्यातून परिचित असू शकतात. त्यांच्यासाठी लिहिलेल्या कोडिंगच्या पुस्तकाचे पहिले चित्र लॅपटॉपचे असण्याचे कारण नाही.

भाषेचा प्रश्न येथे इतर जिल्ह्यांपेक्षा गुंतागुंतीचा आहे. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलली जाते आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड घरांची संख्या मोठी आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली आणि त्यांवर क्यूआर कोड छापून कविता, ध्वनिफिती व दृक्‌पाठ त्यांना जोडले. या कामासाठी त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. छापील पान स्थिर असते, तर हालचाल दाखवायला दृक्‌फीत लागते. क्यूआर कोडमुळे हे दोन्ही एकाच पानावर आले. परिभाषेबाबत ‘लूप’, ‘बग’, ‘कोड’ हे शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ ओळखीच्या शब्दांत उलगडणे सोयीचे ठरते. ‘प्रकाशसंश्लेषण’सारखा शब्द मात्र पाठ्यपुस्तकात रुळलेला असल्याने चित्राखाली तोच द्यावा.

2015 पासून स्टोरीवीव्हर या मंचावर मुलांची सचित्र पुस्तके मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. ती उतरवून घेणे, भाषांतरित करणे व छापणे यांस परवानगी असल्याने एकच पुस्तक मराठी, कन्नड आणि तेलुगूत शेजारी शेजारी वाचता येते. केगावजवळील सोलापूर विज्ञान केंद्रात पुस्तकातील अनेक आकृत्यांची चालती प्रतिकृती हाताळता येते.

शाळांत अशी पुस्तके बहुधा झेरॉक्स काढून वापरली जातात, आणि तेथे एक व्यावहारिक अडचण येते. लाल रोहिणी व निळी नीला, किंवा लाल व हिरवी तार, अशा केवळ रंगाने वेगळ्या केलेल्या रेषा झेरॉक्समध्ये एकाच राखी छटेच्या होतात. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या मुलाला तर लाल व हिरव्या तारा मूळ पानावरही सारख्याच दिसू शकतात. म्हणून जाणते चित्रकार रंगाबरोबर एक रेषा सलग व दुसरी तुटक काढतात, आणि प्रवाहाची दिशा बाणाने दाखवतात.