थेट रोख मदत (सियाया, केनिया)

थेट रोख मदत : गरीब कुटुंबाला धान्य, बियाणे, शेळी किंवा प्रशिक्षण न देता सरळ पैसे देण्याची पद्धत. पैसे कशावर खर्चायचे ते कुटुंबच ठरवते. मुलांना शाळेत पाठवण्याची किंवा दवाखान्यात तपासून घेण्याची अट घालून पैसे देणारी मोठी योजना मेक्सिकोने १९९७ साली सुरू केली. पुढे अनेक देशांनी तो कित्ता गिरवला. कोणतीही अट न घालता दिलेल्या पैशाने खेड्यातल्या घरात नेमके काय बदलते, याचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो पश्चिम केनियातल्या सियाया परगण्यात.

सियाया व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे. वस्ती मुख्यतः लुओ समाजाची. शेती पावसावरची आणि तुकड्यांची. मका, घेवडा, ज्वारी ही पिके. मार्च ते मे मोठा पाऊस, वर्षाअखेरीस धाकटा पाऊस. मोठ्या पावसाचे पीक हाती येण्याआधी कणगी रिकामी होते आणि त्याच दिवसांत घरचे शेत सोडून दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावे लागते. स्वतःच्या शेतातली खुरपणी लांबते, पीक कमी येते, पुढचे वर्षही तसेच. कोरडवाहू महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चक्र वेगळे समजावून सांगायला नको.

‘गिव्हडायरेक्टली’ ही संस्था हार्वर्ड व एमआयटीत अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी काढली. गरीब कुटुंब कोणते, हे ठरवायला सियायात तिने एक सोपी खूण वापरली : घरावर गवताचे छप्पर. आपल्याकडे पावसाआधी शाकारणी करत, तसे तिथले गवत दर एक-दोन वर्षांनी बदलावे लागते. त्यावर होणारा खर्च काही वर्षे साठवता आला, तर घरावर पत्रे चढतील. पण तो साठत नाही; मध्येच कुणी आजारी पडते, कुणाची शाळेची फी थकते. म्हणून गरीब माणूस गवतावर पुन्हा पुन्हा पैसे घालतो आणि शेवटी पत्र्यापेक्षा महाग छपराखाली राहतो. गरिबाला व्यवहार कळत नाही, हा समज या एका छपरापुढे टिकत नाही. व्यवहार त्याला कळतो. एकरकमी पैसा त्याच्या हाती कधी येत नाही.

पैसे पोचतात ते मोबाइलवर. ‘एम-पेसा’ ही मोबाइल पैशांची सेवा केनियात २००७ मध्ये सुरू झाली. (स्वाहिलीतला ‘पेसा’ हा आपल्या पैशाचाच भाऊबंद मानला जातो, १९२० पर्यंत त्या भागात रुपयाच चलनात होता.) फोनवर संदेश येतो आणि जवळच्या बाजारातल्या एजंटाकडून रोकड काढता येते. मध्ये ना गावचा पुढारी, ना कचेरीतला खिडकीवाला. घरी फोन नसेल तर निदान सिमकार्ड दिले जाते.

पहिला मोठा प्रयोग २०११ ते २०१३ या काळात सियायातल्या रारिएदा भागात झाला. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी तो अभ्यासला. काही घरांना २५,२०० केनियन शिलिंग, काहींना ९५,२०० शिलिंग. काहींना एकरकमी, काहींना महिन्याच्या हप्त्याने. कुठे नवऱ्याच्या हाती, कुठे बायकोच्या. सगळी वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती, म्हणून तुलना विश्वासार्ह ठरली. खाण्यावरचा खर्च वाढला, उपाशी दिवस कमी झाले, जनावरे वाढली, घरांवर पत्रे आले. मनावरचा ताण व उदासी कमी झाल्याचे लोकांनी सांगितले. बायकोला होणारी मारहाणही घटली, मग पैसे दोघांपैकी कुणाच्याही हाती आलेले असोत. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. या मदतीविरुद्ध सर्वांत जास्त वेळा बोलली जाणारी भीती तिथे खोटी ठरली. शिक्षण आणि आरोग्यात मात्र तेवढ्या काळात फारसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

त्या प्रयोगातला माझ्या मते सर्वांत मोलाचा धडा हप्त्यांचा आहे. महिन्याला थोडे थोडे पैसे मिळालेल्या घरांचे पोट अधिक भरले. एकदम रक्कम मिळालेल्या घरांनी पत्रे, गुरे, सामानसुमान घेतले. रकमेइतकाच तिचा हप्ताही महत्त्वाचा. आपल्याकडे शेतकरी सन्मान निधी वर्षाला तीन वेळा २,००० रुपये येतो, लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये महिन्याला येतात. चर्चा होते ती आकड्याची; तो आकडा कोणत्या महिन्यात, पेरणीआधी की नंतर हाती पडतो, हे क्वचितच विचारले जाते.

दुसरा अभ्यास २०१४ नंतरचा आणि फार मोठा : ६५३ गावे, साडेदहा हजारांवर कुटुंबांना मदत. प्रत्येक घराला सुमारे १,००० डॉलर, म्हणजे वर्षाच्या घरखर्चाचा पाऊण हिस्सा. पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचे काय, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. डेनिस एगर, एडवर्ड मिगेल आणि सहकाऱ्यांना दिसले ते असे : पत्रे बसवायला सुतार लागला, दळायला गिरणी लागली, दुकानात गिऱ्हाईक वाढले, मजुरांना काम मिळाले. मदत न मिळालेल्या घरांचाही खर्च वाढला. एका डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवहार सुमारे अडीच डॉलरने वाढल्याचा त्यांचा हिशेब आहे आणि महागाई जेमतेम ०.१ टक्का वाढली.

सगळीकडे स्वागतच झाले असे नाही. शेजारच्या होमा बे परगण्यात २०१५ च्या सुमारास जवळपास निम्म्या कुटुंबांनी पैसे नाकारले. फुकटचा पैसा सैतानाकडून येतो, अशी अफवा होती. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. आजवर ज्याने काही दिले त्याने बदल्यात काही ना काही मागितले, हा त्या लोकांचा अनुभव असावा.

संस्थेने नंतर नियमित उत्पन्नाचा प्रयोग आरंभला. ४४ गावांतल्या प्रत्येक प्रौढाला १२ वर्षे महिन्याला सुमारे २,२५० शिलिंग, ८० गावांत तेवढेच पण दोनच वर्षे, आणि ७१ गावांत एकरकमी. या अभ्यासात नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ अभिजीत बॅनर्जी आहेत; त्यांचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी. लोक आळशी झाले नाहीत. दुसऱ्याकडची मजुरी कमी झाली आणि स्वतःचा धंदा वाढला. बारा वर्षांची खात्री मिळालेल्यांनी तर भिशीसारखे गट करून महिन्याच्या पैशांतून मोठी रक्कम स्वतःच उभी केली. मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यात ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने २०११-१२ मध्ये केलेल्या प्रयोगातही, प्रौढाला ३०० रुपये महिना मिळू लागल्यावर, आदिवासी गावातले मजूर आपल्या शेताकडे वळले होते.

सियायाच्या त्या १,००० डॉलरांचा सर्वांत मोठा परिणाम २०२५ मध्ये समोर आला. मदत मिळालेल्या घरांत वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. कारण साधे निघाले. पैसे होते म्हणून बाई दिवस भरत आल्यावर आणि बाळंतपणानंतर शेतातल्या कामावर गेली नाही, घरात खायला होते, आणि कळा सुरू झाल्यावर गाडीचे भाडे देऊन इस्पितळात पोचता आले. जिथून डॉक्टर असलेले इस्पितळ जवळ होते तिथे बाळे जास्त वाचली; जिथे ते लांब होते तिथे त्याच पैशाने फारसा फरक पडला नाही.