काकोपेट्रियाची चर्चे व घरबांधणी

काकोपेट्रिया : सायप्रसमधील त्रोदोस पर्वताच्या उत्तर उतारावरील लहान गाव. सोलेआ खोऱ्यात सुमारे ६७० मी. उंचीवर वसलेले. दोन ओढ्यांच्या बेचक्यातील उंचवट्यावर जुनी वस्ती असून ती संरक्षित आहे. घरांचा खालचा भाग दगडी, वर कच्च्या मातीच्या विटा, गल्लीवर झुकलेले लाकडी सज्जे आणि उतरती कौलारू छपरे. सायप्रसच्या सखल भागात सपाट धाब्याची घरे असत. इथे पाऊस आणि हिवाळ्यातले बर्फ यांमुळे ती सोय नव्हती.

याच हवामानाने इथल्या चर्चांनाही वेगळे रूप दिले. गावाबाहेर काही किलोमीटरवरचे आयिओस निकोलाओस तिस स्तेगिस, म्हणजे ‘छपराचे संत निकोलस’, हे अकराव्या शतकातले चर्च मुळात बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातील) पद्धतीचे, घुमटाचे. पुढे घुमटासह सगळ्या इमारतीवर लाकडी सांगाडा उभारून तीव्र उताराचे दुसरे छप्पर चढवले गेले. त्याची कौले चपटी, आकड्यांनी अडकवायची. बाहेरून पाहणाऱ्याला हे धान्याचे कोठारच वाटावे. आत मात्र अकराव्यापासून सतराव्या शतकापर्यंतची भित्तिचित्रे आहेत. येशूजन्माच्या चित्रात मेरी बाळाला अंगावर पाजताना दाखवली आहे. बायझंटाइन कलेत हा प्रसंग क्वचितच असा रंगवलेला दिसतो. हे चर्च एका मठाचे होते. मठाच्या बाकीच्या इमारती गेल्या, दुहेरी छपराखालचे चर्च तेवढे उरले.

नंतरच्या बांधकामांत घुमट गाळलाच गेला. शेजारच्या गालाता गावातील पनायिया पोदिथू हे १५०२ चे चर्च एका दालनाचे असून त्यावर थेट लाकडी छप्पर आहे. तेच छप्पर खाली उतरत तिन्ही बाजूंच्या बंदिस्त ओवरीवर येते. तेव्हा बेटावर व्हेनिसची सत्ता होती. पश्चिम भिंतीच्या त्रिकोणी माथ्यावर क्रूसारोहणाचे गर्दीचे, हालचालींनी भरलेले दृश्य आहे. त्यात इटालियन चित्रकलेची छाप उघड दिसते, तरी मांडणीचा पाया बायझंटाइनच. चित्रे या भिंतीवर आणि वेदीमागच्या अर्धवर्तुळात एकवटली आहेत. बाजूच्या लांब भिंती बव्हंशी कोऱ्या आहेत. चर्च बांधवून घेणारे देमेत्रे दे कोरोन व त्यांची पत्नी हेलेना यांचेही चित्र येथे आहे.

पोदिथूजवळच मुख्य देवदूताचे छोटे चर्च आहे. ते १५१४ मध्ये सिमेओन आक्सेंती या चित्रकाराने रंगवले. गालातातीलच आयिओस सोझोमेनोस चर्चमधील चित्रेही त्याच्याच हातची. पोदिथूच्या मानाने त्याची शैली साधी, पण दोन्ही ठिकाणी प्रसंगांची रेलचेल आहे.

युनेस्कोने १९८५ मध्ये त्रोदोस भागातील नऊ चित्रित चर्चे जागतिक वारसा यादीत घेतली. २००१ मध्ये पालेखोरी येथील दहावे जोडले. निकोलाओस आणि पोदिथू यांचा तीत समावेश आहे. आक्सेंतीची गालातातील दोन्ही चर्चे मात्र यादीबाहेर आहेत.