मुखवट्यांचा नंबर कोणी लावायचा?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर अलर्ट बे म्हणून छोटंसं गाव आहे, तिथल्या उमिस्ता सेंटर नावाच्या म्युझियममधे जुने लाकडी मुखवटे काचेशिवाय, उघड्यावर मांडलेत. इतकी वर्षं कोंडून होते, आता परत कशाला कोंडायचे, असा साधा हिशोब. आणि ते लावलेत साधारण पॉटलॅचमधे ज्या क्रमाने बाहेर येतात तसे.

पॉटलॅच म्हणजे तिथल्या क्वाक्वाकावाक्व लोकांचा मोठा समारंभ. लग्न असो, नाव ठेवणं असो की मयत, यजमान भरभरून आहेर वाटतो आणि आहेर घेणारा त्या गोष्टीचा साक्षीदार होतो. मुखवटा, त्याचं गाणं, त्याचा नाच हे सगळं त्या त्या घराण्याच्या हक्काचं, दुसऱ्या कुणी उचलून नाचायचं नाही. सरकारला ही उधळपट्टी वाटली आणि १८८५ पासून बंदी आली. १९२१ च्या डिसेंबरात डॅन क्रॅनमर यांनी लपून मोठा पॉटलॅच केला तर ४५ जणांवर केस, काहीजण जेलमधे, आणि मुखवटे, मानाचे तांब्याचे पत्रे सगळं जप्त होऊन म्युझियममधे, काही तर थेट एका न्यूयॉर्कच्या कलेक्टरला विकलं.

गंमत म्हणजे ह्याच लोकांच्या कलेवर तेव्हा जोरात अभ्यास चालू होता. १८८७ मधे मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस भांडला होता की म्युझियममधे वस्तू प्रकारानुसार नको, त्या त्या जमातीप्रमाणे मांडा. मुद्दा बरोबरच. पण त्याची बरीचशी माहिती गोळा केली जॉर्ज हंटने, जो त्याच समाजात वाढलेला, आणि पुस्तकावर नाव मोठं कुणाचं ते सांगायला नकोच. नंतर हंटने बोआसच्या १८९७ च्या पुस्तकातल्या चुका दुरुस्त करत शेकडो पानं लिहिली! म्हणजे "आमची कला आम्ही सांगतो" हे काही आजचं फॅड नाही.

१९५१ मधे बंदीचं कलम गेलं पण वस्तू मिळायला अजून तीसेक वर्षं, आणि तेही अट घालून, की आधी म्युझियम बांधा. (घरातले टाक कुणी उचलून न्यावेत आणि वर म्हणावं आधी शोकेस दाखवा, तसं.) १९८० ला उमिस्ता उघडलं, पहिल्या क्युरेटर डॅन यांची लेक ग्लोरिया क्रॅनमर वेबस्टर. उमिस्ता हा शब्द पूर्वी लढाईत धरून नेलेली माणसं घरी परत आली की वापरायचे.

अजून येतंच आहे एकेक. २००३ मधे फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों याच्या संग्रहातला एक शिरपेच त्याच्या मुलीने स्वतःहून परत दिला.